दाखला, टक्का आणि अपील

संत पौल कैसरिया येथे दोन वर्षे बंदिवासात होता. पुढे फेस्त नावाचा नवा सुभेदार आला. त्याने पौलाला न्यायासनापुढे बोलावून, यरुशलेमला येऊन तेथे चौकशीला तोंड देशील काय, असे विचारले. तेथे आपला घात होणार हे पौल ओळखून होता. त्याने तेथल्या तेथे कैसराकडे अपील केले. तो रोमचा नागरिक होता, आणि नागरिकाने अपील केल्यावर त्याला रोमला पाठविणे सुभेदाराला भागच पडले. ख्रिस्तासाठी मरण पत्करण्यास सिद्ध असलेला हा प्रेषित कायद्याने दिलेला अधिकार वापरण्यात ईश्वरेच्छेचा अवमान आहे असे मानीत नव्हता. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचा पंचविसावा अध्याय आमच्या वाचकांनी घरी सायंप्रार्थनेनंतर एकदा सावकाश वाचावा.

या अध्यायाची आठवण आम्हांला वारंवार होते, त्याला कारण आहे. ज्या घरी पांगळे, अंध, मूकबधिर किंवा बुद्धीने मंद असे माणूस आहे, त्या घरी आम्ही गेलो आणि सरकारी वेतनाची गोष्ट काढली की दोन वाक्ये हटकून कानी पडतात. एक, "देवाची इच्छा, फादर." आणि दुसरे, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

पहिल्या वाक्याला प्रभू येशूनेच उत्तर दिले आहे. जन्मांध माणसाला पाहून, पाप याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने दोघांनाही निर्दोष ठरविले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. दुसरी म्हण मात्र खोटी नव्हे. दोन भावांनी बांधाच्या हातभर जमिनीसाठी भांडावे, आणि निकाल लागेपर्यंत दोघांचीही शेते वकिलाच्या फीत जावीत, असे प्रकार ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून ती निघाली आहे. पण दिव्यांगाचा दाखला आणि त्याचे वेतन ही भाऊबंदकी नव्हे. येथे समोर कोणी वैरी नसतो. कायद्याने देऊ केलेली वस्तू कोणाच्या चुकीमुळे हाती आली नाही, ती पुन्हा तपासा, एवढेच सांगावयाचे असते.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. २०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. नव्यात एकवीस आहेत. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. कर्नाटकातील मासिक वेतनालाही तीच अट आहे. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला तर ८० टक्के लागतात, आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचे असावे लागते. यावरून टक्क्याचे महत्त्व ध्यानी यावे. एका आकड्याने घरात धान्य येते किंवा येत नाही.

हा आकडा डॉक्टर मनाने घालीत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारने मार्गदर्शक नियम ठरवून दिलेले आहेत. सांधा किती वळतो, स्नायूत जोर किती, उभे राहताना तोल कसा राहतो, हे मोजून टक्का काढतात. वेदना मोजता येत नाही, म्हणून जो माणूस रात्रभर कण्हतो त्याचा टक्का कधी कधी कमी निघतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. शरीरात दोन व्यंगे असतील तर त्यांचे टक्के सरळ बेरजेने मिळवीत नाहीत. त्याला एक सूत्र आहे. मोठा टक्का नव्वदातून वजा करावयाचा, उरलेल्याने लहान टक्क्यास गुणावयाचे, नव्वदाने भागावयाचे, आणि आलेली संख्या मोठ्या टक्क्यात मिळवावयाची. तीस आणि वीस यांचे अशा रीतीने पन्नास होत नाहीत, त्रेचाळीस होतात. परंतु त्रेचाळीस म्हणजे चाळिसाच्या वरच!

हे गणित आम्ही सेमिनरीत शिकलो नाही. खानापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबामुळे ते शिकावे लागले. घरचा कर्ता पुरुष फणस काढताना झाडावरून पडला. गुडघा कायमचा आखडला, आणि उजवे मनगटही मोडून वाकडेच सांधले. दाखल्यासाठी तपासणी झाली तेव्हा त्याने गुडघाच पुढे केला, कारण त्याच्या मते दुखणे ते होते. मनगटाबद्दल त्याला कोणी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. दाखला मिळाला ३० टक्क्यांचा. त्यावर वेतनाचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. नकाराचा कागद कानडीत होता. घरात थोरांना देवनागरीच वाचता येते. कागद पत्र्याच्या ट्रंकेत, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांखाली जाऊन पडला. पुढे केव्हातरी कानडी शाळेत जाणाऱ्या नातवाने तो मोठ्याने वाचला, तेव्हा म्हातारीने आम्हांला निरोप धाडला.

येथे आमच्या वाचकांनी थांबून एक आकडा मनात ठेवावा: ९० दिवस. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, मग तो दाखला नाकारण्याचा असो वा टक्का कमी लावण्याचा असो, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत राज्य शासनाने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कायद्याचे ५९ वे कलम तेच आहे. अपिलासोबत त्या दाखल्याची किंवा नकाराच्या पत्राची प्रत जोडावी लागते. अपील अधिकाऱ्याने अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि ६० दिवसांत निर्णय द्यावा, असा नियम आहे. दाखला नाकारताना कारण लेखी कळविणेही बंधनकारक आहे; तोंडी "होत नाही, जा" एवढ्यावर परत येऊ नये.

त्या कुटुंबाचे सत्तरावर दिवस ट्रंकेत गेले होते. आता वकील हवा, आणि वकील म्हटले की पैसा हवा, या विचाराने म्हातारी कानांतील कुड्या काढू लागली. त्या कुड्या आम्ही तिच्या कानांतच राहू दिल्या.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या बाराव्या कलमात, कोणाला सरकारी खर्चाने वकील मिळावा याची यादी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता हा हक्क आहे. ज्यांचे वार्षिक उत्पन्न राज्याने ठरविलेल्या मर्यादेच्या आत आहे, अशा इतरांनाही तो आहे. ज्याचा टक्काच वादात आहे आणि ४० भरत नाही, त्याने उत्पन्नाच्या कलमाखाली अर्ज केलेला बरा, म्हणजे पात्रतेवरून वेळ जात नाही. उत्पन्नाविषयी साधारणतः शपथपत्र पुरते. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समितीची कचेरी असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरणाची. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मार्ग दाखविला जातो. समितीने दिलेला वकील फी मागू शकत नाही. मागितल्यास समितीकडे तक्रार करावी. फुकटचा वकील म्हणजे बिनकामाचा वकील, अशी आमच्या लोकांची समजूत आहे. काही ठिकाणी तसा अनुभव येतही असेल. परंतु दलालाला हजारो रुपये मोजून त्याच्या मागे फिरणाऱ्यांची फजिती आम्ही अधिक पाहिली आहे.

समितीकडून त्या शेतकऱ्यास एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी कागद पाहून पहिला प्रश्न विचारला तो मनगटाविषयी. पडल्यानंतर ज्या सरकारी रुग्णालयात प्लास्टर घातले होते तेथील कागद त्यांनी मागविले, क्ष-किरणाचे चित्र जोडले, आणि दोन पानी अपिलात एवढेच लिहिले की एका अवयवाची तपासणी राहून गेली आहे, ती करावी. मोठी भाषा नव्हती, डॉक्टरांवर आरोप नव्हता. अपील मुदतीत दाखल झाले आणि त्याची पोच घेतली गेली. पुढील तपासणीत गुडघ्याचे तीस कायम राहिले, मनगटाचे वीस धरले गेले, आणि वर सांगितलेल्या सूत्राने दाखला त्रेचाळीस टक्क्यांचा झाला.

येथवरचे अपील दाखल्याचे. दाखला ठीक असूनही वेतन अडते, तेव्हा वाट निराळी असते. कर्नाटकात वेतनाचा अर्ज नाडकचेरीत करतात, आणि तो 'सकाल' कायद्याखाली येतो. २०११ च्या या कायद्याप्रमाणे प्रत्येक अर्जाला क्रमांक मिळतो आणि निकालाची मुदत ठरलेली असते. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. दिरंगाईबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, भरपाईही सांगितली आहे. रक्कम क्षुल्लक खरी, पण क्रमांक असलेला अर्ज टेबलाखाली दडत नाही. अर्जाचे काय झाले हे कळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारावे. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. राज्यात दिव्यांग आयुक्त असतात, त्यांच्याकडेही साध्या अर्जाने तक्रार नेता येते. साक्षीदार आणि कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. सर्व दारे बंद झाल्यास उच्च न्यायालय आहे. बेळगावकडच्यांना त्यासाठी बंगळूर गाठावे लागत नाही, धारवाडास खंडपीठ आहे, आणि तेथेही विनामूल्य वकील मिळतो.

आमच्या कित्येक घरांतील माणसे गोव्यात कामाला असतात, म्हणून एक खुलासा करावा लागतो. दिव्यांगत्वाचा दाखला देशात कोठेही चालतो. तो राहत्या जिल्ह्यात काढता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या व्यंगावर उपचार झाले तेथेही मागता येतो. अर्ज २०२१ पासून संगणकावरच भरावा लागतो. परंतु वेतन ज्या त्या राज्याचे असते. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला दीर्घ वास्तव्याची अट आहे. मडगावास पाच वर्षे राहून रेशन कार्ड खानापूरचेच ठेवणाऱ्याने अर्ज खानापूरकडेच करावा. दोन्हीकडे करून पाहू, असा सल्ला देणारे भेटतात. खोट्या मार्गाने दिव्यांगांचा लाभ लाटणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा, याच कायद्यात आहेत. आणि धडधाकट माणसाने लंगडत कचेरीत जावे, हे सातव्या आज्ञेत बसत नाही हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

तपासणीस जाताना जुने सर्व कागद बरोबर न्यावेत, औषधाच्या चिठ्ठ्यासुद्धा. शरीरात जे जे बिघडले आहे ते सर्व सांगावे. लाजेने किंवा डॉक्टरांच्या घाईने काही राहू देऊ नये. जो बोलू शकत नाही त्याच्यासोबत, त्याचे रोजचे न्हाणे-खाणे जो करतो त्यानेच जावे, गावच्या पुढाऱ्याने नव्हे. प्रत्येक अर्जाची झेरॉक्स ठेवावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. कचेरीतून कानडी किंवा इंग्रजी कागद आला तर त्याच दिवशी वाचून घ्यावा आणि वरची तारीख कॅलेंडरवर लिहावी. वाचणारे घरी कोणी नसेल तर रविवारच्या मिस्सेला येताना तो कागद सोबत आणावा; दरवाजाशीच वाचून देऊ.

त्या शेतकऱ्याचा नवा अर्ज सध्या नाडकचेरीत आहे. क्रमांक त्याने नातवाकडून भिंतीवर कोळशाने लिहून घेतला आहे.