चित्रचौकटीचे प्रमाण
चित्रचौकटीचे प्रमाण : चित्रपट, दूरचित्रवाणी व व्हिडिओ खेळ यांतील प्रतिमेची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरास चित्रचौकटीचे प्रमाण किंवा आस्पेक्ट रेशो म्हणतात. रुंदी प्रथम व उंची नंतर सांगण्याचा प्रघात असून ते ४ : ३, १६ : ९ असे किंवा उंची एक मानून १·३३, १·७८ असे लिहितात. पडद्याच्या लहानमोठेपणाशी त्याचा संबंध नाही. एका प्रमाणासाठी रचलेली कृती दुसऱ्या प्रमाणाच्या पडद्यावर दाखवावयाची झाल्यास ती ताणावी लागते, कापावी लागते किंवा तिच्या कडेची जागा रिकामी सोडावी लागते. जुन्या कन्सोल-खेळांच्या नवसंस्कारित आवृत्त्यांत ही अडचण विशेष जाणवते. ती दूर करण्यासाठी जुन्या यंत्राचे वर्तन नव्या संगणकावर हुबेहूब घडवून आणणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजे एम्युलेटर, वापरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे. परंतु प्रश्नाचे मूळ चित्रपटात असल्यामुळे प्रारंभ तेथून करणे सोयीचे आहे.

दादासाहेब फाळके यांनी दादर येथे राहून व तेथेच चित्रणाची व्यवस्था करून निर्माण केलेला राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. दादरमधील तो रस्ता आज फाळके यांच्याच नावाने ओळखला जातो. मूकपटांच्या ३५ मिमी. फितीवरील प्रत्येक चौकट कडेच्या चार छिद्रांएवढी उंच व दोन्हीकडील छिद्रांमधील जवळजवळ सर्व रुंदी व्यापणारी असे. तिचे प्रमाण ४ : ३ होते. बोलपट आल्यावर फितीच्या एका बाजूची पट्टी ध्वनीसाठी द्यावी लागली. प्रतिमा त्यामुळे चौरसाकडे झुकू लागली, म्हणून अमेरिकन चित्रपट अकादमीने १९३२ मध्ये उंचीही कमी करून १·३७ हे प्रमाण रूढ केले. प्रभातचा अयोध्येचा राजा हा बोलपट त्याच वर्षीचा. आता एखादा मूकपट बोलपटाच्या प्रक्षेपकातून तसाच दाखविला, तर ध्वनिपट्टीच्या बाजूचा भाग आणि वरखालची थोडी प्रतिमा झाकली जाते. फीत तीच व अभंग असते. बदललेली असते ती प्रक्षेपकातील लहानशी धातूची चौकट. चित्राचा आकार कृतीत जेवढा असतो, तेवढाच तो ती दाखविणाऱ्या यंत्रातही असतो, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

रुंद पडद्याच्या काळात हे अधिकच खरे ठरले. सिनेमास्कोप पद्धतीत खास भिंगाने दृश्य आडवे आक्रसून फितीवर घेतात व प्रक्षेपकाचे भिंग ते पुन्हा पसरते. गुरुदत्त यांचा कागज के फूल (१९५९) हा या पद्धतीचा पहिला भारतीय चित्रपट होय. पसरणारे भिंग न लावता तो दाखविल्यास सर्व पात्रे काठीसारखी उंच व किडकिडीत दिसतील. शोले (१९७५) याचे उदाहरण निराळे आहे. द्वारका दिवेचा यांनी त्याचे चित्रण ३५ मिमी. फितीवर केले आणि नंतर ते ७० मिमी.वर मोठे करण्यात आले. ७० मिमी.चे प्रमाण २·२ असल्यामुळे कॅमेऱ्याच्या काचेवर त्याच्या सीमारेषा आखून घेतल्या होत्या व दृश्यांची मांडणी त्या रेषांच्या आत केली होती. म्हणजे मूळ निगेटिव्हवर वरखाली असलेले चित्र प्रेक्षकांनी पाहावे असा हेतूच नव्हता. ७० मिमी.ची एकही प्रत न उरल्याने फिल्म हेरिटेज फाउंडेशनने इतर उपलब्ध प्रतींवरून या चित्रपटाचे पुनःस्थापन केले व जून २०२५ मध्ये बोलोन्या (इटली) येथे तो पुन्हा २·२ या प्रमाणात दाखविण्यात आला. अधिक चित्र दाखविणे म्हणजे अधिक प्रामाणिकपणा, असा समज सर्वत्र आढळतो. या उदाहरणावरून तो किती चुकीचा आहे हे दिसते.

दूरचित्रवाणीने चित्रपटाचे ४ : ३ हेच प्रमाण उचलले. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेही याच प्रमाणाचे, ६२५ रेषांचे व सेकंदाला ५० क्षेत्रांचे होते. नलिकेच्या संचात रेषांची संख्या ठरलेली असते. पण एका रेषेचे किती तुकडे करावयाचे याचे बंधन संचावर नसते. ते खेळाच्या यंत्रातील घड्याळाच्या गतीवर अवलंबून असते. त्यामुळे एक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सल, चौरस असेलच असे नाही. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरचे चित्र २५६ × २४० बिंदूंचे असून तेथील व अमेरिकेतील संचांवर त्याचा बिंदू उंचीच्या ८/७ पट रुंद दिसे. साहजिकच ५६ बिंदू रुंद व ६४ बिंदू उंच काढलेली लंबवर्तुळाकृती पडद्यावर बरोबर वाटोळी होई. सध्याच्या सपाट पडद्यांचे बिंदू चौरस असतात. बिंदूस बिंदू लावून तोच खेळ त्यांवर दाखविला, तर सर्व चित्र एक अष्टमांशाने अरुंद होते आणि तो चेंडू अंड्यासारखा दिसू लागतो.

या यंत्राच्या स्वस्त नकला १९९०च्या दशकात दादर-परळच्या घरांतही आल्या. खेळाच्या खोक्याला मुले ‘कॅसेट’ म्हणत आणि ती परस्परांत बदलून घेत. आपले संच ५० क्षेत्रांचे असल्याने, ६० क्षेत्रांसाठी रचलेला खेळ त्यांसाठी जुळविलेल्या यंत्रावर चालविला की गती एक षष्ठांशाने मंदावे. रेषा अधिक असल्याने चित्राच्या वरखाली काळे पट्टे उरत व बिंदू उंचीच्या सुमारे १·३९ पट रुंद होई, म्हणजे आकृत्या बुटक्या दिसत. जपानी चित्रकाराने वाटोळा म्हणून काढलेला चेंडू येथील मुलाने चपटाच पाहिला. आज हे चित्र ‘मूळ रूपात’ आणावयाचे तर कोणत्या? रचनाकाराच्या हेतूला प्रस्तुत लेखक अग्रक्रम देईल, पण दुसरी बाजूही निराधार नाही.

नवसंस्कारित आवृत्त्या बहुधा १६ : ९ पडद्यासाठी काढल्या जातात. ४ : ३ चित्र या पडद्यावर ताणल्यास प्रत्येक आकृती एक तृतीयांशाने रुंदावते, पूर्ण रुंदी भरण्यासाठी कापल्यास उंचीचा एक चतुर्थांश जातो, आहे तसे ठेवल्यास १,९२० बिंदूंच्या पडद्यावर दोन्ही कडांना २४० बिंदूंचे काळे पट्टे राहतात. यांपैकी पहिला मार्ग सर्वांत वाईट असूनही तो योजला जातो, कारण रिकाम्या कडा ग्राहकाला दोष वाटतात. रेसिडेंट ईव्हिलच्या २००२ मधील आवृत्तीतील पार्श्वभूमी आधीच रंगवून ठेवलेली ४ : ३ चित्रे होती. २०१५ मध्ये ती रुंद पडद्यावर आणताना वरखालचा भाग कापून पात्राच्या हालचालीबरोबर चित्र वरखाली सरकविण्याची युक्ती योजण्यात आली. शिवाय जुने प्रमाणही निवडता येते. निन्टेन्डोच्या २०२० मधील सुपर मारिओ थ्री-डी ऑल-स्टार्स या संग्रहात तर कंपनीने स्वतःच एम्युलेटर वापरले. त्यात १९९६ चा सुपर मारिओ ६४ हा ४ : ३ ठेवला असून २००२ चा सुपर मारिओ सनशाइन १६ : ९ केला आहे.

एम्युलेटर मूळ यंत्राचा प्रक्रियक, चित्रमंडल आणि कालगणना या सर्वांचे अनुकरण करतो. त्यामुळे कोणत्या क्षणी एका रेषेत किती बिंदू आहेत, हे त्याला ठाऊक असते. सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्रात रेषा कधी २५६, तर कधी ३२० बिंदूंची असे. पण दोन्ही वेळा ती संचाची तीच रुंदी व्यापी. केवळ बिंदू मोजून चित्र मोठे करणाऱ्या आवृत्तीत एकाच खेळाची रुंदी मध्येच बदलते. एम्युलेटरमध्ये दोहोंना वेगळे गुणक लावून ती स्थिर ठेवता येते. नलिकेच्या कडेमागे झाकल्या जाणाऱ्या रेषाही त्यात लपविता येतात. त्या रेषांत पुष्कळदा रंगांचा कचरा दिसतो, कारण तो कोणी पाहणार नाही असे धरूनच खेळ रचलेले असत. येथे प्रक्षेपकातील धातूच्या चौकटीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मोठे करण्याचा गुणक मात्र शक्यतो पूर्णांकी असावा लागतो. २४० रेषा १,०८० रेषांवर बसविताना गुणक ४·५ येतो. काही ओळी चार, तर काही पाच रेषांएवढ्या जाड होतात आणि चित्र सरकू लागले की ते थरथरते. चौपट करून थोडी जागा सोडणे, किंवा प्रथम बरेच मोठे करून मग मृदूपणे लहान करणे, हे त्यावरचे उपाय होत.

त्रिमितीय खेळांत आणखी एक दुरुस्ती शक्य आहे. त्यांत दृश्य आधी रंगविलेले नसते. वस्तूंचे स्थान गणिताने काढून ते सपाट पडद्यावर प्रक्षेपित केले जाते. या गणितातील आडव्या घटकाला ३/४ ने गुणले व तयार झालेले चित्र १६ : ९ पर्यंत पसरले, की आकृत्या यथायोग्य राहून दोन्ही बाजूंना नवे दृश्य उलगडते. प्लेस्टेशनच्या एम्युलेटरांत भूमितीचे गणित करणाऱ्या मंडलाच्या अनुकरणातच हा बदल करतात. प्लेस्टेशन २ च्या पीसीएसएक्स२ या एम्युलेटरमध्ये मात्र प्रत्येक खेळाच्या स्मृतीतील नेमकी संख्या शोधून बदलावी लागते. खेळाच्या जपानी व यूरोपीय आवृत्त्यांत तिची जागा भिन्न असू शकते. दोषही आहेत. गुणांचे आकडे, नकाशे व अक्षरे या गणितातून जात नसल्याने ती ताणलेलीच राहतात. जुन्या चौकटीबाहेरच्या वस्तू काढावयाच्याच नाहीत अशी खेळाची आज्ञा असते, म्हणून कडेला झाडे व भिंती अचानक उगवतात. नाट्यप्रसंगांत तर आपल्या प्रवेशाची वाट पाहत विंगेत निश्चल उभे असलेले पात्र उघडे पडते! शोलेच्या निगेटिव्हवरील वरखालच्या चित्रासारखेच हे दृश्य होय. प्रसंगापुरते ४ : ३ प्रमाणावर परतणे हा त्यातल्या त्यात बरा तोडगा.

८/७ हा गुणकही डोळे मिटून लावण्याजोगा नाही. काही चित्रकार संचावर पाहून आकार सुधारीत. काही चौरस चौकटींच्या कागदावरच आखीत. एकाच खेळात चंद्र एका पद्धतीने व नाणे दुसऱ्या पद्धतीने काढलेले आढळते. निन्टेन्डोच्या २०१६ मधील छोटेखानी पुनरावृत्तीत चौरस बिंदू, ४ : ३ व नलिकेसारखे चित्र असे तीन पर्याय देऊन निवड खेळणाऱ्यावर सोपविली आहे.

कायद्याच्या दृष्टीने एम्युलेटर व खेळाची प्रत या दोन भिन्न बाबी आहेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० मध्ये, एम्युलेटर तयार करण्यासाठी मूळ यंत्रातील आज्ञावलीचा अभ्यास करणे रास्त ठरविले. भारतात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ नुसार संगणकीय आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ती गहाळ होण्यापासून किंवा नाश पावण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. दुसऱ्याच्या प्रतीवरून केलेली नक्कल या सवलतीत बसत नाही.