बटणांच्या डोळ्यांची आई

१९२९च्या ‘द स्केलेटन डान्स’मध्ये वॉल्ट डिस्नेंनी चार सांगाड्यांना स्मशानात नाचवलं, निदान तेव्हापासून तरी अ‍ॅनिमेशन आणि भुतांची सोयरीक आहे. ते सांगाडे पाहून हसू येतं. ‘पिनोकिओ’त (१९४०) मात्र लॅम्पविक नावाचा वांड पोरगा गाढव होऊ लागतो, ‘मम्मा’ म्हणून हंबरडा फोडतो आणि ती हाक गाढवाच्या ओरडण्यात विरून जाते. मूल घाबरतं, शेजारी बसलेल्या आईच्याही पोटात गोळा येतो. मुलाला वाटतं, आपलंही असंच झालं तर? आईला वाटतं, ही हाक ऐकायला मी जवळ नसले तर? लहानमोठ्या सगळ्यांना धरून ठेवणारे भयपट एकाच दृश्यात अशी दुहेरी भीती पेरतात. या प्रकाराची माझ्या लेखी हीच कसोटी.

हेन्री सेलिक या दिग्दर्शकाला ती नेमकी उमगली आहे. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ (१९९३) टिम बर्टनच्या नावाने ओळखला जात असला तरी दिग्दर्शन सेलिकचं. डिस्नेला तो मुलांसाठी फार काळोखा वाटला, म्हणून तो टचस्टोन या त्यांच्याच दुसऱ्या नावाखाली आला. पण सेलिकची खरी उंची दिसते ती ‘कोरलाइन’मध्ये (२००९).

नील गेमन यांच्या कादंबरिकेवरचा हा चित्रपट ओरेगनमधल्या लाइका स्टुडिओचा. कोरलाइनचे आईवडील बागकामाचे कॅटलॉग लिहितात आणि आईला हाताला माती लागलेली खपत नाही. दोघंही संगणकावरून मान वर करत नाहीत. घरातल्या छोट्या दारापलीकडे कोरलाइनला दुसरी आई भेटते. ती सुग्रण आहे, तिला वेळच वेळ आहे. फक्त डोळ्यांच्या जागी काळी बटणं आहेत. इथेच राहायचं तर तुझ्याही डोळ्यांवर बटणं शिवायची, एवढी एकच अट. मुलं त्या सुईदोऱ्याला घाबरतात. मोठ्यांना मात्र आधीचा प्रसंग टोचतो: लेकीला दुसरी आई हवीशी वाटली, आणि त्याचं कारण घरातच होतं.

हे सगळं स्टॉप-मोशनमध्ये आहे. बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची; पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा चोवीस चौकटी. त्यामुळे लोकर खरी, टाके खरे, म्हणून सुईही खरी वाटते. सेलिकने कोरलाइनच्या खऱ्या घराचे सेट मुद्दाम चपटे, कोंदट बांधले आणि पलीकडच्या घराला खोली दिली. आमिष काय असतं ते प्रेक्षकाला डोळ्यांनीच कळतं. २०२४मध्ये हा चित्रपट अमेरिकेत पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हाही गर्दी झाली.

लाइकाचाच ‘पॅरानॉर्मन’ (२०१२) अधिक धीट आहे. नॉर्मनला मेलेली माणसं दिसतात. त्याची आजी मेल्यावरही सोफ्यावर बसून त्याच्याशी गप्पा मारते. गावावर शाप आहे तो एका चेटकिणीचा, आणि ती चेटकीण म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी घाबरलेल्या मोठ्यांनी मारलेली एक लहान मुलगी. थडग्यांतून उठलेली प्रेतं तिला शिक्षा देणाऱ्यांचीच. त्याच वर्षीचा बर्टनचा कृष्णधवल ‘फ्रँकनवीनी’ प्रेमळ आहे, पण मेलेला कुत्रा शेवटी परत मिळतोच आणि दुःखाची धार जाते. मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’त (२००१) अधाशीपणे खाणाऱ्या आईबापांची डुकरं होतात आणि दहा वर्षांची चिहिरो त्यांना सोडवायला राबते. त्याला रूढ अर्थाने भयपट म्हणणार नाही, पण तो प्रसंग कुठल्याही भुतापेक्षा भयंकर आहे.

मराठीत मुलांची आणि मोठ्यांची भीती ही दोन्ही टोकं सांभाळणारा लेखक होऊन गेला. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण आणि मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा, दोन्ही रत्नाकर मतकरींच्याच. त्या कथा अ‍ॅनिमेशनमध्ये यायला हव्यात.

तोवर ‘कोरलाइन’ आधी स्वतः पाहा, मग मुलांना शेजारी घेऊन पाहा. आणि ते दोन तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.