एकाच वेशीचे गाव

जुन्या काळी गावाला तट असे आणि तटाला वेस. वेस मिटली की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर अडकून पडे. आज कचेऱ्या, बँका आणि महाविद्यालये यांतील संगणकांनाही अशीच एक वेस असते. सर्व संगणकांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार ज्या यंत्रामार्फत चालतो त्याला राउटर म्हणतात, आणि संगणकांना नेमून दिलेल्या त्या वाटेला ‘डिफॉल्ट गेटवे’. हे एक यंत्र बंद पडले की शेजारच्या टेबलावरील संगणकाशी संबंध राहतो. मुंबई मात्र नाहीशी होते.

देगलूर हे नांदेड जिल्ह्याचे तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कामांसाठी खेड्यातील माणूस येथे येतो तो दिवसाची मजुरी बुडवून. अशा वेळी खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो मुकाट्याने परततो. वास्तविक दोष दूरच्या सर्व्हरचाच असतो असे नाही. कित्येकदा वेसच मिटलेली असते.

यात अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. दुसरा राउटर न घेतल्याने वाचलेला पैसा कचेरीच्या हिशेबात बचत म्हणून दिसतो. रांगेतील पन्नास माणसांची बुडालेली मजुरी मात्र कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. बचत एकाची आणि तोटा दुसऱ्याचा, अशी ही काटकसर आहे.

उपाय नवा नाही. सिस्को कंपनीची ‘एचएसआरपी’ ही पद्धत आणि सर्व कंपन्यांच्या यंत्रांसाठी खुली असलेली ‘व्हीआरआरपी’ या दोहोंचे तपशील १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांमागील कल्पना कारकुनाला सहज उमगावी. अर्ज ‘मा. तहसीलदार’ या पदाच्या नावे लिहितात, व्यक्तीच्या नव्हे. तहसीलदार रजेवर गेले तर कार्यभार नायब तहसीलदारांकडे जातो. अर्जदाराला पत्ता बदलावा लागत नाही. त्याचप्रमाणे दोन राउटर मिळून एकच सामाईक पत्ता धारण करतात. मुख्य राउटर ठरावीक काळाने ‘मी हजर आहे’ असा निरोप देतो. एचएसआरपीत हा निरोप सामान्यतः दर ३ सेकंदांनी जातो. १० सेकंद तो आला नाही, तर राखीव राउटर कार्यभार घेतो. व्हीआरआरपीत ही अदलाबदल सुमारे ३ ते ४ सेकंदांत होते. संगणकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

तथापि दोन पेट्या मांडल्या म्हणजे काम झाले, हा समज घातक आहे. दोन्ही यंत्रे एकाच बॅटरीवर आणि एकाच केबलवर असतील, तर वीज जाताच किंवा रस्ता खोदताना तार तुटताच दोन्ही एकदम निकामी होतात. मुख्य राउटर सुरू, पण त्याची बाहेरची तार तुटलेली, असेही घडते. तेव्हा बाहेरच्या तारेवर लक्ष ठेवून तार तुटताच आपला अग्रक्रम कमी करण्याची सूचना राउटरला आधीच द्यावी लागते. नाहीतर साहेब खुर्चीवर हजर आणि कामकाज ठप्प! शिवाय मुख्य यंत्र मुद्दाम बंद करून राखीव यंत्राची परीक्षा अधूनमधून घेतली पाहिजे. न तपासलेला पर्याय हा पर्याय नसून केवळ समाधान असते.

शासनालाही हा धडा उशिराच उमगला. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हटल्या गेलेल्या योजनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंत तारा प्रामुख्याने एकेरी गेल्या. एक जागा तुटली की पुढची गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात तारांचे वर्तुळ, तालुका व ग्रामपंचायत पातळीवर राउटर आणि विजेची पर्यायी सोय यांचा समावेश झाला. परंतु तालुक्यापर्यंत आलेली दुहेरी वाट कचेरीच्या दारात पुन्हा एकेरी झाली, तर एवढ्या खर्चाचे फळ खिडकीपर्यंत पोहोचणार नाही.

म्हणून कचेऱ्यांच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या राउटरची नोंद चैन म्हणून नव्हे, विम्याचा हप्ता म्हणून व्हावी. हा हप्ता कचेरीने भरला नाही, तर तो रांगेतील माणसाला आपल्या मजुरीतून भरावा लागतो.