नैसर्गिक व तंत्रज्ञानजन्य आपत्तींचे व्यवस्थापन : पानशेत धरणफुटीच्या संदर्भात

प्रस्तावना :

आपत्तींचे नैसर्गिक आणि मानवनिर्मित असे दोन गट पाडण्याची पद्धत अभ्यासक्रमांत रूढ झाली आहे. भूकंप, महापूर, चक्रीवादळ, दरड कोसळणे या पहिल्या गटात येतात. वायुगळती, स्फोट, धरणफुटी या दुसऱ्या गटात. हे वर्गीकरण अध्यापनास सोयीचे असले तरी प्रत्यक्ष संकटात ते फार काळ टिकत नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंपामागोमाग त्सुनामी आली, तिने अणुवीज केंद्राचे पर्यायी वीजसंच निकामी केले आणि शीतकरण थांबल्याने किरणोत्सर्ग बाहेर पडला. एका आपत्तीच्या पोटातून दुसरी जन्मास येते, आणि व्यवस्थापनाची खरी कसोटी या दोहोंच्या मधल्या अवधीत लागते. महाराष्ट्राला या वस्तुस्थितीचा अनुभव १९६१ सालीच आला होता.

पानशेत, १२ जुलै १९६१ :

मुठेची उपनदी असलेल्या आंबी नदीवर पानशेत येथे मातीच्या धरणाचे काम चालू होते. विमोचकाचे काम अपुरे असतानाच पावसाळा सुरू झाला आणि जलाशय भरू लागला. पाऊस जोरदार होता हे खरे. परंतु केवळ पावसाने धरण फुटले असे म्हणता येत नाही. अपुऱ्या बांधकामात पाणी साठू देणे हा मानवी निर्णय होता. धरणाचा माथा खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरण्याचा प्रयत्न केला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले.

यानंतरचा घटनाक्रम आपत्ती व्यवस्थापनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पानशेतचे पाणी थेट पुण्यात शिरले नाही. वाटेत खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातील दगडी धरण होते. पाणी त्याच्या माथ्यावरून वाहू लागले आणि दुपारी तेही फुटले. म्हणजे पानशेतची भिंत गेल्यापासून खडकवासल्याची भिंत जाईपर्यंत काही तासांचा अवधी उपलब्ध होता. भूकंपात असा अवधी क्षणाचाही मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. पुण्याला तास मिळाले, परंतु नदीकाठच्या पेठांतील प्रत्येक घरापर्यंत स्पष्ट इशारा पोहोचविणारी यंत्रणा नव्हती. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा आदी पेठांतील वाडे कोसळले. मृतांचा आकडा साधारण एक हजारापर्यंत सांगितला जातो.

पूर ओसरल्यावर तिसरे संकट उभे राहिले. खडकवासला हाच शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रमुख आधार होता. ज्या पाण्याने शहर बुडविले, त्याच पाण्यासाठी रहिवाशांना वणवण करावी लागली. पुरग्रस्तांसाठी पुढे ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांनी पुण्याचा नकाशाच बदलला.

इशाऱ्याची साखळी :

सौम्यीकरण, पूर्वतयारी, प्रतिसाद आणि पुनर्वसन या चार टप्प्यांपैकी आपल्याकडे शेवटच्या दोहोंचीच चर्चा अधिक होते. मदतीचे धान्य मोजता येते, वेळेवर दिलेला इशारा मोजता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे. तथापि इशारा ही एकच कृती नसून साखळी आहे. धोका ओळखणारा अभियंता, निर्णय घेणारा जिल्हाधिकारी, तो गावात पोहोचविणारा तलाठी वा पोलीस पाटील आणि घर सोडण्यास तयार होणारे कुटुंब, यांपैकी कोणताही एक दुवा निसटला तरी उरलेले निरुपयोगी ठरतात. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. येथे साखळीचा शेवटचा दुवा जागा होता; वरचे दुवे हलले नाहीत.

कायद्याची चौकट आता पुरेशी विस्तृत आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वये विनिर्दिष्ट धरणांच्या मालकांवर आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्याचे बंधन असून त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. धोकादायक रसायनांबाबतचे नियम मात्र याहून जुने आहेत. भोपाळच्या १९८४ मधील वायुकांडानंतर आलेल्या १९८९ च्या या नियमांत कारखान्याच्या आतील आराखडा कारखानदाराने आणि बाहेरील आराखडा प्रशासनाने करावयाचा आहे. आतील आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी, तर बाहेरील आराखड्याची वर्षातून किमान एकदा घेणे त्यांत अपेक्षित आहे. धरणाखालच्या गावांतही अशा तालमी नियमितपणे होणे तितकेच आवश्यक आहे.

महाविद्यालयांचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. पुराच्या वेळी निवारा केंद्र म्हणून बहुधा त्यांच्याच इमारती ताब्यात घेतल्या जातात. आणि विद्यार्थ्यांना हा विषय शिकविण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच आहे. पदवी स्तरावर अनिवार्य झालेल्या पर्यावरण अभ्यासाच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मूळ आराखड्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या घटकाखाली पूर, भूकंप, चक्रीवादळ आणि भूस्खलन ही चारच नावे होती. धरणफुटी त्यात नव्हती.