हळूहळू म्हणजे किती वर्षं?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. परीक्षेच्या आदल्या रात्री ओट्यापाशी येऊन म्हणाली, ‘‘आई, पुराणमतवाद म्हणजे नेमकं काय गं? तुझाही हाच विषय होता ना?’’ कणीक मळता मळता मी पंचवीस वर्षांपूर्वी पाठ केलेलं उत्तर सांगितलं. परंपरा, धर्म, कुटुंब, मालमत्ता यांना जपणारा आणि बदल सावकाश व्हावा असं मानणारा राजकीय विचार. तिने लिहून घेतलं. अजून आपल्याला आठवतंय, म्हणून मलाही बरं वाटलं.

ते समाधान दोनच दिवस टिकलं. शनिवारी बचत गटाची बैठक संपल्यावर एक जण मागे थांबली. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिने माझ्यापुढे धरला. हक्कसोडपत्र होतं. वडिलांना जाऊन वर्ष झालेलं. भाऊ म्हणाला होता, ‘‘अक्का, सोमवारी तालुक्याला येऊन एवढी सही करून जा. बहिणी सोडतातच हक्क. आपल्यात रीतच आहे.’’ ‘‘ताई, करू का सही?’’ तिने विचारलं.

मुलीचा आणि हिचा, दोघींचा प्रश्न एकच आहे, हे मला त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर उमगलं.

मैत्रिणींनो, आधी तत्त्व काय आहे ते पाहू. या विचाराचा मूळपुरुष म्हणून एडमंड बर्कचं नाव घेतात. इंग्लंडच्या पार्लमेंटचा हा सभासद. फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि पुढच्याच वर्षी, १७९० मध्ये, त्याने तिच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं, की समाज हा जुना वाडा आहे. पिढ्या न् पिढ्या खपून तो उभा राहिला. कुठली भिंत भार पेलतेय ते न पाहता घण घालाल, तर छप्परच डोक्यावर येईल. पण हाच बर्क असंही मानत होता, की ज्या व्यवस्थेत दुरुस्तीची सोय नाही, ती स्वतःला टिकवूही शकत नाही. भारतातल्या कारभारासाठी वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवण्यात पुढे होता तोही हाच. म्हणजे जुनं ते सगळं सोनं, असं हे तत्त्व मुळात म्हणत नाही. जपा, आणि जपण्यासाठीच दुरुस्त करा, असं म्हणतं. यात न पटण्यासारखं काय आहे? आपण बायका घर असंच तर चालवतो.

इंग्लंडच्या ज्या पक्षाला आपली वर्तमानपत्रं हुजूर पक्ष म्हणतात, तो याच विचाराचा. तिथे १९१८ साली बायकांना मत मिळालं, पण तिशी ओलांडलेल्यांना आणि तेही मालमत्तेच्या अटीवर. पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मत मिळालं ते १९२८ साली, आणि तो कायदा हुजूर पक्षाच्याच सरकारने केला. तेव्हा पुराणमतवादी म्हणजे बायकांचा वैरी, असं समीकरण मांडणं बरोबर नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते व्यवहारात. आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ.

स्वातंत्र्यानंतर डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल पुढे नेलं. लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा या सगळ्यांत बाईला हक्क देणारं ते बिल होतं. विरोध करणारे काही सगळे दुष्ट नव्हते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा एक आक्षेप असा होता, की ही संसद प्रौढ मतदानाने निवडून आलेली नाही, तिने एवढा मूलभूत बदल करू नये. लोकांचा कौल घ्या, मग करा. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. दुसरे म्हणत, मुलीला वाटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील, एकत्र कुटुंब मोडेल, भावा-बहिणीचं प्रेम आटेल. बिल रखडलं. सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पुढे निवडणूक झाली, कौल मिळाला. १९५५ आणि १९५६ मध्ये बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. वारसा कायद्यात वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस झाली. पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क राहिला तो मुलालाच. राहत्या घरात तर भावांनी वाटणी करायची ठरवल्याशिवाय बहिणीला वाटणी मागताच येत नव्हती. बाकीचं हळूहळू होईल, असं ठरलं.

हे ‘हळूहळू’ किती लांबलं? महाराष्ट्राने १९९४ साली आपल्यापुरती दुरुस्ती केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. देशभर मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला तो ९ सप्टेंबर २००५ पासून. १९५६ ते २००५. एकोणपन्नास वर्षं! त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नको, हा वाद २०२० पर्यंत चालला. ‘नको’, असा निकाल त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. जे माझ्या आजीच्या तरुणपणी व्हायचं, ते माझ्या लग्नानंतर झालं. मधल्या काळात वाडा शाबूत राहिला हे खरं, पण त्याचं भाडं भरलं कोणी?

मला वाटतं, प्रश्न इथे आहे. तत्त्व सांगतं, सावकाश चला. व्यवहारात मात्र सावकाश चालायचं हे ठरवतो तो ज्याचं पोट भरलेलं आहे, आणि वाट पाहायची ती पानावर बसवलेलंच नाही तिने. ‘रीत’ हा शब्दही बघा. भावाने बहिणीला अडीअडचणीला सांभाळायचं, ही रीत विसरली तरी चालते. बहिणीने सही करायची, ही रीत मात्र पक्की. आणि हे एकाच पक्षाचं नाही हं. पुरोगामी भाषणं ठोकणाऱ्यांच्या घरांतही हक्कसोडपत्रं मी पाहिली आहेत.

आता माझं सांगते. २००९ मध्ये वडील गेले तेव्हा मीही सही केली. कायदा ठाऊक होता, राज्यशास्त्राची पदवी होती. आई एवढंच म्हणाली, ‘‘माहेर तुटायला नको गं.’’ भाऊ चांगला आहे, माहेर तुटलं नाही. पण पुढे यांची नोकरी सुटली आणि मुलीच्या फीसाठी मला बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या, तेव्हा भावाकडे शब्द टाकायला जीभ रेटेना. हक्क होता तोवर मागता आलं असतं. सोडल्यावर मागणं म्हणजे हात पसरणंच झालं.

आणि तरी बर्कला मी पुरतं खोटं ठरवू शकत नाही. समाजाच्या मनात न रुजलेला कायदा कागदावरच राहतो, हे माझ्याच सहीने सिद्ध केलं ना?

म्हणून त्या मैत्रिणीला मी ‘कर’ही म्हटलं नाही आणि ‘करू नको’ही म्हटलं नाही. नोंदणी झालेल्या कागदावरची सही परत घेणं फार कठीण असतं, तेव्हा सोमवारची घाई करू नकोस, एवढं सांगितलं. बाकीचं तिचं तिने ठरवलं. भावाला म्हणाली, ‘‘जमीन तूच कस, पीक तूच घे. फक्त सातबाऱ्यावर माझं नाव राहू दे.’’ मला तर वाटलं, बर्कला आवडावी अशीच ही दुरुस्ती आहे. वाडा तसाच, भिंतीला धक्का नाही, फक्त एक दार उघडलं.

भावाने काहीच उत्तर दिलं नाही. भाऊबीजेला ती संध्याकाळपासून ताट लावून बसली होती. तो रात्री नऊला आला. ओवाळून घेतलं, ओवाळणी घातली. जमिनीचा विषय दोघांनीही काढला नाही. कागद अजून तिच्या ट्रंकेत आहे, बिनसहीचा.

मुलीला मी पुन्हा बसवून घेतलं. म्हटलं, उत्तर बरोबर होतं गं, पण अर्धंच. कुणी ‘हळूहळू होईल’ म्हणालं, की दोन गोष्टी विचारायच्या. किती वर्षांत? आणि तोवर सोसायचं कोणी?

‘‘परीक्षेत हे लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते का?’’ तिने विचारलं. ते मात्र मला सांगता आलं नाही.