वेस बांधली, पण लस टोचली का?

शेतकरी बंधूंनो, पोळ्याला बैलाच्या गळ्यात काळा गोफ बांधताना मनात काय असतं? आदल्या दिवशीची खांदेमळणी म्हणजे कष्टाची जाण, रंगवलेली शिंगं आणि झूल ही हौस. काळा गोफ मात्र हौसेचा नाही. माझ्या जनावरावर कुणाची नजर पडू नये, रोगराई लागू नये, म्हणून तो बांधायचा.

आपलं शिवारच अशा राखणदारांनी भरलेलं आहे. बांधावर शेंदराचा म्हसोबा, मळ्याच्या फाटकाला लिंबू-मिरची, केळीच्या बागेत टांगलेली फाटकी चप्पल, बुजगावण्याला चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं. पटकी-देवीच्या साथी यायच्या तेव्हा मरीमायला नैवेद्य द्यायचा आणि साथ गाड्यावर बसवून शिवेपार नेऊन सोडायची. (पुढच्या गावाचं काय, हे कुणी विचारलं नसावं!) खानदेशात अनेक गावांत मरीमातेच्या यात्रेला भगत आजही बारागाड्या ओढतो.

याला हसून मोकळं होणं सोपं आहे. पण यातला एक विचार अगदी पक्का आहे: रोग बाहेरून येतो, वेशीतून येतो, म्हणून वेस सांभाळा. पशुवैद्यकही दुसरं काय सांगतात? चूक होते ती रोग आणणारा ओळखण्यात. तो नजरेतून येत नाही. तो येतो गोचीड, माशी, डास आणि बाजारातून आणलेलं नवं जनावर यांच्याबरोबर.

2022 आठवा. लम्पीच्या त्या साथीची राज्यातली पहिली नोंद 4 ऑगस्टला आपल्याच रावेर तालुक्यात, चिनावलला झाली. पुढे तीन आठवड्यांनी पोळा. आणि पोळ्याला आपण काय करतो? गावातले सगळे बैल एकाच वेळी वेशीतल्या तोरणाखाली उभे करतो. ज्या सणाला जनावराच्या रक्षणाचा गोफ बांधायचा, त्याच सणाला आजारी बैलाच्या अंगावरची माशी निरोगी बैलावर बसायची! म्हणून 2022 आणि 2023 ला ठिकठिकाणी पोळा गोठ्यातच करा, असं सांगावं लागलं. सप्टेंबर 2022 मध्ये तर राज्यभर गुरांचे बाजार आणि वाहतूक थांबली. ज्याचा बैल ऐन हंगामात बसला, त्याने पेरा कसा सांभाळला हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

तेव्हा गोफ बांधा, पण त्याआधी लस टोचून घ्या. लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची लस त्या साथीत गाई-बैलांना दिली गेली. लस टोचली की लगेच अंगात ताकद येत नाही, दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात धावून उपयोग नाही, किमान महिनाभर आधी जा. आजारी जनावराला लस द्यायची नसते. ते वेगळं बांधा, त्याचं दावण-पाणी वेगळं ठेवा. संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची पद्धत चांगली आहे, ती सोडू नका, डास-माशी हटते. दूध उकळून प्या, हा रोग माणसाला होत नाही.

काही गोष्टींना मात्र माझा साफ विरोध आहे. अंगावर गाठी आल्या की डागणं, बिब्बा लावणं बंद करा. आधीच सोललेल्या कातडीवर पुन्हा जखम होते, तिच्यावर माशी बसते आणि अळ्या पडतात. उतारा टाकून चार दिवस वाट पाहणं हेही तितकंच महागात पडतं. आणि मेलेलं जनावर शिवेपारच्या नाल्यात ओढून टाकायचं नाही. खोल खड्डा, वर चुना, मग माती.

केळीचंही तेच. चप्पल टांगलेल्या बागेतही हरण्या येतोच. पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड नजर लागून खराब झालं असं म्हणून तसंच ठेवू नका. मुळासकट उपटा, बागेबाहेर नेऊन जाळा किंवा पुरा. रोग पसरवतो तो मावा, आणि त्याचा मुक्काम काकडी, भोपळा, टोमॅटोवर. ती पिकं बागेत आणि बांधालगत घेऊ नका. चप्पल राहू द्या हवी तर.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी थोडं. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या 2009 च्या कायद्यानुसार संशयित जनावराची खबर देणं मालकाचं काम आहे आणि ती पशुवैद्यकापर्यंत पोचवण्यात ग्रामपंचायतीचाही वाटा आहे. बदनामी होईल, बाजार बंद पडेल म्हणून खबर दाबली, की आठवड्यात आख्खी गल्ली आजारी पडते. पोळ्याच्या महिनाभर आधी दवंडी द्या, लस झालेल्या जनावरांची यादी करा आणि तोरणाखाली फक्त यादीतलेच बैल येऊ द्या. गाठ, ताप किंवा नाका-डोळ्यातून पाणी दिसलं, तर फोन 1962, पैसे लागत नाहीत.