परिचर्या शिक्षकांचे प्रशिक्षण : पुराव्याधिष्ठित परिचर्या आणि गुणवत्ता सुधारणा

प्रस्तावना :
शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या त्या भागावरील केस वस्तऱ्याने काढणे हा परिचर्येतील जुना परिपाठ होय. वस्तऱ्यामुळे त्वचेवर सूक्ष्म जखमा होतात व जंतुसंसर्गाचा धोका बळावतो. म्हणून केस काढूच नयेत, अपरिहार्य असल्यास केवळ क्लिपरने काढावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली. परंतु जिने विद्यार्थिदशेत वस्तराच हाती धरला, ती पाठ्यनिर्देशिका तेच शिकवीत राहिली तर ही शिफारस वॉर्डात पोहोचावी कशी? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

संकल्पना व अनुभव :
संशोधनातील उत्तम पुरावा, परिचारिकेचे कौशल्य आणि रुग्णाची इच्छा यांची सांगड घालून घेतलेला निर्णय म्हणजे पुराव्याधिष्ठित परिचर्या. योग्य ठरलेली कृती आपल्या वॉर्डात प्रत्यक्ष किती वेळा होते, हे मोजून कामाची पद्धत बदलणे म्हणजे गुणवत्ता सुधारणा. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, अनावश्यक नलिका काढणे अशा साध्या पाच कृती तेथे कटाक्षाने पाळल्या गेल्या. परिणामी मध्य शिरेतील नलिकेमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण दर हजार नलिका-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आले. एखादी कृती वगळली गेल्यास, तातडीचा प्रसंग नसेल तर, डॉक्टरांनाही थांबविले जाई. (डॉक्टरांना थांबविणे आपल्या कोणत्या तासिकेत शिकविले जाते?)

अध्यापकांची तयारी :
अमेरिकेत २००५ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या साहाय्याने 'क्वालिटी अँड सेफ्टी एज्युकेशन फॉर नर्सेस' हा प्रकल्प सुरू झाला. त्याने निश्चित केलेल्या सहा क्षमतांत वरील दोन्हींचा समावेश आहे. या क्षमता आम्ही शिकवितोच, असे परिचर्या विद्यालयांच्या प्रमुखांचे प्रारंभी म्हणणे होते. प्रत्येक क्षमतेत अपेक्षित ज्ञान, कौशल्य व वृत्ती यांचा तपशील समोर ठेवल्यावर मात्र यांतील मूलभूत संकल्पना आपणांसच पुरेशा ठाऊक नाहीत, अशी कबुली अध्यापकांनी दिली. ही कबुली मोलाची आहे. आपल्याकडील प्रशिक्षण वर्गांचा प्रारंभ येथूनच व्हावा, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

दोन दिवसांची व्याख्याने व शेवटी प्रमाणपत्र, एवढ्याने हे साधणार नाही. अध्यापिकेने वॉर्डातील एक प्रश्न निवडावा, त्यावरील संशोधन स्वतः शोधून पारखावे, एका पाळीपुरता लहानसा बदल करून पाहावा आणि त्याचे मोजमाप विद्यार्थिनींसमवेत नोंदवावे. वॉर्डातील पद्धत बदलण्याचा अधिकार मात्र बहुधा तिच्याकडे नसतो. तो परिसेविका व अधिसेविका यांच्याकडे असतो. त्यामुळे प्रशिक्षणास पाठ्यनिर्देशिकेबरोबर त्याच वॉर्डाच्या परिसेविकेसही बोलवावे लागेल.